शेवटचा वापर : ९ फेब्रुवारी

जिल्हा कारागृह, अलिबाग
४ जुलै २०२५

ती. ताई,

नमस्कार. मागच्या मुलाखतीत आई पूर्ण वेळ रडत होती, त्यामुळे कामाचं बोलणं राहूनच गेलं. म्हणून लिहितो. इथे पत्रं उघडून वाचतात, हे लक्षात ठेवून उत्तर लिही.

वकिलांनी दोषारोपपत्राची कॉपी दाखवली. तुझ्याकडेही एक दिली आहे म्हणाले. सगळी केस एका एंट्रीवर उभी आहे. त्या कंटेनरमध्ये रसायन आहे असं बंदरातला माल सोडवणाऱ्या आमच्या एजन्सीच्या साइटवर आधी बरोबर लिहिलेलं होतं. मग कोणीतरी ते बदलून ‘धुण्याची पावडर’ केलं. त्यामुळे धोक्याचा स्टिकर लागला नाही, ड्रम साध्या गोदामात गेले, ओल लागली आणि पेटले. आपल्या वरच्या आळीतला चंदरदादा आणि तो दुसरा लोडर त्यात गेले. ती एंट्री माझ्या नावाने, माझ्या पासवर्डने झाली आहे. कुठल्या कंप्युटरवरून झाली ते त्यात कुठेच नाही.

पण ताई, माझा पासवर्ड ऑफिसच्या कंप्युटरमध्ये सेव्ह होता. कोणीही बसावं आणि एंट्री मारावी. जानेवारीत आमच्या मितेशशेठनी सगळ्या स्टाफला मेल केला होता की पासवर्ड ऑफिसच्या मशीनवर सेव्ह ठेवा, कोणी रजेवर गेलं तर काम अडायला नको. तो मेल मिळाला तर जामीन होईल असं वकील म्हणतात. एंट्री झाली त्या दिवशी मी माझ्या खोलीवर झोपलो होतो आणि ऑफिसात प्रणाली एकटी ड्यूटीला होती. किहीमची आहे, नवीन लागलेली. बाकी तू समजून घे.

मेल माझ्या जुन्या ईमेलवर आला होता. त्याचा पासवर्ड मला आठवत नाही. एकदा टाकला आणि लॅपटॉपने लक्षात ठेवला, त्यानंतर मला कधी लागलाच नाही. पोलिसांनी ऑफिसची मशीनं आणि माझा मोबाईल नेला. लॅपटॉप तेव्हा उरणला रिपेअरच्या दुकानात होता. पावती माझ्या पाकिटात होती, ती वकिलांनी सोडवून घेतली आहे. त्यांच्याकडून घे आणि लॅपटॉप घेऊन ये.

चालू केल्यावर पिन मागेल. आपल्या घराचा ग्रामपंचायतीचा नंबर, दोनदा. मग नारंगी कोल्ह्याचं चित्र असेल, ते उघड. वर उजव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेषा आहेत, त्यात ‘पासवर्ड्स’ असं येईल. डावीकडे यादी दिसेल. त्यातल्या ईमेलवर टिचकी दे. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतील, शेजारी डोळ्याचं चिन्ह आहे, ते दाबलंस की परत पिन मागेल आणि मग अक्षरं दिसतील. पासवर्ड पत्रात लिहू नकोस. मेलची प्रिंट काढून वकिलांना नेऊन दे.

यादीतल्या बाकीच्या नावांशी तुला काही काम नाही.

तुझा,
पियूष

———

मु. आंबेवाडी, ता. तळा
१९ जुलै २०२५

चि. पियूष यास आशीर्वाद.

लावणी आटपली तशी दुसऱ्या दिवशी निघाले. इंदापूर, पनवेल आणि मग उरण. दुकान सापडायला तास गेला. दुकानदार भला माणूस. पावती बघून म्हणाला, “ताई, याच्यात बिघाड काहीच नव्हता. सर्व्हिसिंग करून ठेवा, नंतर नेतो म्हणाले होते. पाच महिने झाले की.” पावतीवर २२ फेब्रुवारी तारीख आहे. आगीनंतरचा दुसरा दिवस. तेव्हा चंदर हॉस्पिटलात होता, तुझी रात्रंदिवस धावपळ चाललेली. त्यातून तू दुकानात गेलास कधी, याचं मला नवल वाटलं. पण बरंच झालं म्हणायचं, नाहीतर तोही पोलिसांनी नेला असता.

पिन लागला. मला वाटलं होतं जमणार नाही, पण अंगणवाडीची सगळी माहिती आम्ही मोबाईलवरच भरतो, त्यामुळे मी काही अगदीच अडाणी नाही. यादी बघून थक्क झाले. एक्केचाळीस नावं! रेल्वेचं तिकीट, लाइटबिल, क्रिकेटच्या कसल्या कसल्या साइट. आणि लग्न जमवण्याची एक. आम्हाला एका शब्दाने बोलला नाहीस.

ईमेलच्या जागी डोळा दाबला. काय आलं ते लिहीत नाही, पण त्यात माझं नाव आहे हे बघून डोळे भरून आले. इतकी वर्षं तू माझ्या नावाने कुलूप लावून बसला होतास.

तू नेहमी म्हणतोस, ताई अर्धवट माहिती देते. म्हणून या वेळी सगळं नीट उतरवून घेतलं. प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरात तारखा असतात, कधी सेव्ह केला आणि शेवटचा कधी वापरला. ईमेल शेवटचा वापरला २१ फेब्रुवारी. बँकेचा १८ फेब्रुवारी. एजन्सीच्या साइटचा ९ फेब्रुवारी. रेल्वेचा तर मागच्या दिवाळीत. वकिलांना यातलं काही लागलं तर सांग, बाकीचेही पाठवते.

शेठचा मेल सापडला. तळ्याला प्रिंट काढली आणि वकिलांना नेऊन दिली. ते खूश झाले. “आता बघा,” एवढंच म्हणाले.

काल चंदरची बायको कमळ अंगणवाडीत आली होती. पोरीला सोडायला आली आणि दारातच बसली. तुमच्या एजन्सीने चौकशी केली म्हणे आणि कागदावर लिहिलंय की लोडरने गोदामात बिडी पेटवली म्हणून आग लागली. तो कागद तिला घरपोच आलाय. मला म्हणाली, “ताय, त्यानी जल्मात बिडी वढली न्हाय. तुला तं ठावं हाय.” मला ठाऊक आहे. तुलाही आहे. तुझ्या जबाबात हे कुठे घालता येईल का ते वकिलांना विचार.

आईचे पाय बरे आहेत. खाण्याकडे लक्ष दे.

तुझी ताई,
सुचिता

———

अलिबाग
२८ जुलै

ताई,

मेलचं ऐकून बरं वाटलं. पण यादी आणि तारखा पत्रात कशाला लिहिल्यास? इथे वाचतात असं सांगितलं होतं ना?

आता एक काम कर. असे पासवर्ड सेव्ह ठेवणं सेफ नसतं. लॅपटॉप कोणाच्या हाती लागला तर बँक, मेल, सगळं उघडं पडतं. प्रत्येक नाव उघडलं की वर ‘रिमूव्ह’ येतं, ते दाब. एजन्सीचा पहिला काढ. सगळे निघाले की लॅपटॉप त्या दुकानदाराला नेऊन दे, म्हणावं पूर्ण फॉरमॅट मार आणि कोणी गिऱ्हाईक मिळालं तर विकून टाक. मला त्याची गरज नाही.

आणि कमळवहिनीच्या कागदात तू पडू नकोस. तो एजन्सीचा मॅटर आहे. आपल्याला सध्या स्वतःचं बघायचंय.

पियूष

———

आंबेवाडी
७ ऑगस्ट

पियूष,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी पुसायला बसले. एजन्सीचं नाव उघडलं, रिमूव्ह दाबलं. मग तो विचारतो, खरंच काढायचं का. माझं बोट तिथेच थांबलं.

खरं सांगते, मनात काहीच नव्हतं. फक्त एवढंच आलं की एक्केचाळीस नावांत बँक सोडून एजन्सीचा पहिला का? तुला तर त्यांनी कधीच काढून टाकलंय. त्या साइटवर आता कोण काय करणार आहे?

ट्रंकेतून दोषारोपपत्र काढलं. आजवर मी ते उघडलंच नव्हतं, बघायला धीर होत नव्हता. नवव्या पानावर आहे. एंट्रीत बदल, दिनांक ०९/०२/२०२५, रविवार, दुपारी चार वाजून बारा मिनिटे.

लॅपटॉप तुझ्या खोलीवर होता. तूही खोलीवर होतास, झोपलो होतो असं तूच जबाबात लिहून दिलंयस. मग त्याच दिवशी त्या लॅपटॉपवर एजन्सीचा पासवर्ड कोणी वापरला? खोलीवर आणखी कोण आलं होतं का? तू त्यावर दुसरं काही काम केलंस का? काहीतरी साधं उत्तर असेल. ते मला लिही, म्हणजे लगेच पुसते.

सुचिता

———

अलिबाग
१६ ऑगस्ट

ताई,

तू माझी बहीण आहेस की पोलीस?

कंप्युटरच्या तारखा पुढेमागे होतात. बॅटरी उतरली की होतात. तुला यातलं कळत नाही, आणि जे कळत नाही ते पत्रात लिहून तू मला अडकवते आहेस. इथे चाळीस माणसांना एक पंखा आहे. काल एकाने माझी चादर नेली, मी मागितली नाही. दहा वर्षं असं राहायचं का मी?

१८ सप्टेंबरला जामिनाची तारीख आहे. त्याआधी प्रणालीचा जबाब परत घेणार आहेत. वकील म्हणतात, मेलमुळे आता सगळं तिच्याकडे वळेल, त्या वेळी मशीनवर तीच होती. ती मुलगी आहे, लहान आहे, तिला लगेच जामीन होईल, चुकून झालं म्हटलं की कोणी एवढं धरत नाही. माझं तसं नाही.

मुलाखतीला ये. समोर बोलू. पण पुसून ये.

पियूष

———

आंबेवाडी
३ सप्टेंबर

पियूष,

हे पत्र कोणी उघडून वाचणार असेल तर खुशाल वाचू दे.

परवा आले ते तू पाहिलंसच. काचेपलीकडे बसलास, तो फोन कानाला लावलास आणि पहिला शब्द काय बोललास, तर “पुसलंस?” गणपतीत घरी कोण कोण आलं होतं, आई कशी आहे, काही नाही. मी म्हटलं, नाही पुसलं. मग मी विचारलं, “पियूष, तूच केलंस का?” तू मागे बघितलंस, शिपायाकडे बघितलंस आणि म्हणालास, “इथे नको, ताई.”

नाही म्हणाला नाहीस. मी पूर्ण वेळ वाट बघितली. एकदा तरी “नाही” म्हणशील म्हणून. म्हणाला असतास तर मी विश्वास ठेवला असता, हेही तुला सांगून ठेवते.

बाहेर आले तेव्हा अकरा वाजले होते. परतीची गाडी तीनला. किहीम तिथून जवळ, म्हणून गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही. प्रणालीचं घर एका बंगल्याच्या मागे आहे, नारळीच्या वाडीत. वडील बंगल्याची राखण करतात. मी पियूषची बहीण म्हटल्यावर तिची आई दार लावायलाच निघाली होती. ती मुलगी आतून आली आणि म्हणाली, “आई, येऊ दे.”

बावीस वर्षांची आहे. पोलीस दोनदा येऊन गेल्यापासून घराबाहेर पडत नाही. केस पिंजारलेले, नखं कुरतडून बोटं लाल. मला पाणी दिलं आणि समोर बसून विचारलं, “दादा कसे आहेत? जेवण बरं मिळतं का तिथे?” मग म्हणाली, “एंट्री कशी मारायची ते मला पियूषदादांनीच शिकवलं. बाकीचे हसायचे, ते कधी हसले नाहीत. त्या दिवशी मी दादांच्या नावाला हातसुद्धा लावला नाही ताई, माझं स्वतःचंच काम पडलं होतं. मी पोलिसांना तेच सांगितलं. दादांना राग नाही ना आला?”

मी म्हटलं, नाही.

पियूष, तुझ्या वकिलाला थांबव. १८ तारखेच्या आत तू स्वतः सांग, ज्याला सांगायचं त्याला. तू सांगितलंस तर मी लॅपटॉपकडे ढुंकून बघणार नाही. नाही सांगितलंस तर मी तो घेऊन जाणार आहे.

सुचिता

———

९ सप्टेंबर

ताई,

हे टपालाने नाही. ऋत्विक नावाचा एक जण आज सुटतोय, त्याच्या हाती देतो. वाचून जाळून टाक.

त्या रविवारी खोलीवर मॅच बघत होतो. चार वाजता शेठचा फोन आला. म्हणाले, “ते नाव बदलून टाक. धोक्याच्या मालाला यार्डात जागा नाय, आठ दिवस जातील, पार्टी बोंबलतेय. पाच मिनटाचं काम हाय.” मी म्हटलं, उद्या ऑफिसात करतो. म्हणाले, आत्ता. मी लॅपटॉप मांडीवर घेतला. साइट उघडली तर नाव, पासवर्ड आपोआप भरून आलं. मी एंटर दाबलं, ओळ खोडली, दुसरी लिहिली आणि परत मॅच बघायला लागलो.

माल काय आहे ते मला माहीत होतं. त्याचे कागद मीच वाचले होते. ओलाव्यापासून दूर ठेवा, असं ठळक अक्षरात होतं. मला वाटलं, दोन दिवस गोदामात राहील आणि जाईल पुढे. आधीही दोन वेळा असं केलं होतं, काही झालं नव्हतं.

चंदरदादाची त्याच गोदामात पाळी असते हेही माहीत होतं. मीच त्याला चिकटवलं होतं तिथे. पण एंट्री मारताना तो डोक्यात आला नाही. एकदाही नाही. तुला खरं वाटणार नाही.

हॉस्पिटलात मी त्याच्या शेजारी बसलो होतो तेव्हा त्याने विचारलं, “पियूस, कंचा माल व्हता रं?” मी म्हटलं, माहीत नाही. डॉक्टरांनी बाहेर बोलावून विचारलं, रसायन कुठलं ते कळलं तर उपचाराला बरं पडेल. त्यांनाही मी पावडरच सांगितली. तोवर शेठचा फोन येऊन गेला होता, तोंड उघडायचं नाही म्हणून. मी तिथून उठलो आणि लॅपटॉप दुकानात टाकून आलो. दुसऱ्या दिवशी दादा गेला.

हे कोणालाच सांगितलेलं नाही. वकिलांनाही नाही. त्यांची फी शेठ भरतात. शेठचं नाव घेतलं की वकील जातील, मग मला कोण आहे? तू अंगणवाडीच्या मानधनात काय करणार?

ताई, मी वाईट माणूस नाही. तू मला वाढवलंस, तुला माहीत आहे. पुसून टाक. तुझ्या पाया पडतो. प्रणालीला जामीन होईल, तिचे आईवडील आहेत. मी इथे मरून जाईन.

पियूष

———

आंबेवाडी
२६ सप्टेंबर

पियूष,

पत्र मिळालं. डॉक्टरांपर्यंत वाचलं आणि ठेवून दिलं. पुढचं दुसऱ्या दिवशी वाचलं.

त्या तीन दिवसांत कमळ हॉस्पिटलच्या जिन्यात बसून होती. मी तिच्याजवळ होते. तू वरून खाली आलास आणि आम्हाला म्हणालास, डॉक्टर सगळं करतायत. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला होता.

पंधरा तारखेला रजा टाकली आणि लॅपटॉप पोलीस ठाण्यात नेऊन दिला. तपासाचे साहेब दोन तासांनी भेटले. मी यादी उघडून दाखवली, तारीख दाखवली, दुकानाची पावतीही दिली. साहेब म्हणाले, “तुम्ही कोण त्यांच्या?”

“बहीण.”

“सख्खी?”

“सख्खी.”

“तीन दिवसांवर जामीन आलाय त्यांचा. काय करताय ते समजतंय ना?”

म्हटलं, समजतंय. त्यांनी एका शिपायाला माझ्यासाठी चहा आणायला सांगितला. मला तो पिववला नाही. पिन कागदावर लिहून मागितला, दिला. पंचनामा झाला. लॅपटॉप कापडात शिवला, त्यावर लाख ओतून शिक्का मारला. चार ठिकाणी सह्या केल्या. तिसरी सही करताना माझं नाव चुकलं, खोडून परत लिहावं लागलं.

अठरा तारखेला तुझा जामीन फेटाळला हे मला वकिलांनी फोन करून सांगितलं. आणखीही बरंच बोलले, ते लिहीत नाही. प्रणालीला परत बोलावणार नाहीत म्हणून साहेबांनी सांगितलं.

आई माझ्या हातचं खात नाही. स्वतःची वेगळी चूल मांडली आहे पडवीत. “माज्या पोराला तू गाडलास,” म्हणते. मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं नाही. कोणालाच दाखवलं नाही. पोलिसांनाही दिलं नाही. जाळलंही नाही. ट्रंकेत आहे. लॅपटॉप बोलला ते त्याच्यापुरतं. हॉस्पिटलातलं त्यात कुठेच नाही, ते फक्त तुला आणि मला ठाऊक आहे. ते तुझ्या तोंडून यायला हवं.

कमळला मी अजून काही सांगितलेलं नाही. रोज सकाळी ती पोरीला सोडायला येते आणि मी तिच्याकडे न बघता पोरीचा हात धरते.

दर महिन्याला मुलाखतीला येत राहीन. तू ये अथवा नको येऊस.

सुचिता

———

अलिबाग
६ डिसेंबर

ताई,

तीन वेळा तू आलीस आणि मी बराकीतून उठलो नाही. शिपाई म्हणायचा, बहीण बसलीय बाहेर. पहिल्या वेळी मनात आलं, बसू दे. तिसऱ्या वेळी मी दारापर्यंत आलो होतो.

२० नोव्हेंबरला न्यायाधीशांसमोर जबाब दिला. त्यांनी आधी समजावलं की सक्ती नाही, हे तुमच्याच विरुद्ध वापरलं जाईल. मी म्हटलं, चालेल. शेठचा फोन, आधीच्या दोन एंट्र्या, गोदाम, डॉक्टर, सगळं सांगितलं. बिडीचं खोटं आहे हेही. सांगताना वाटलं होतं की हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. परत आलो आणि झोपलो.

वकील त्याच दिवशी सोडून गेले. आता सरकारकडून एक बाई मिळाल्यात. त्यांनी आडपडदा ठेवला नाही, म्हणाल्या, सात-आठ वर्षं धरून चाला. मितेशशेठना अटक झाली आणि नवव्या दिवशी ते जामिनावर सुटलेही. इथे पेपर येतो, त्यात फोटो होता. मी आतच आहे.

सोबत कमळवहिनीसाठी पत्र आहे. माफी मागितलेली नाही, मागायला तोंड नाही. काय झालं तेवढंच लिहिलंय. तू आधी वाच. द्यायचं की नाही ते तू ठरव.

आईला सांग, मी जेवतो.

पियूष

———

आंबेवाडी
२१ डिसेंबर

चि. पियूष,

तुझं पत्र चार दिवस माझ्याजवळ ठेवलं. आज रविवार, अंगणवाडी बंद, म्हणून वरच्या आळीत कमळकडे गेले. ती अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. पोर शेजारी खेळत होती, तिला तिने आत आजीकडे पाठवलं. माझ्या तोंडावरून तिला काहीतरी कळलं असावं.

पत्र पुढे केलं. “तूच वाच,” म्हणाली, “मला लिवलेलं लागत न्हाय.” मी उभ्यानेच वाचायला लागले. तिचं सूप चालूच होतं. रविवारचं वाचलं, सूप चालू. चंदरची पाळी तुला माहीत होती ते वाचलं, तरी चालू. डॉक्टरांचं आलं तेव्हा थांबलं.

शेवटपर्यंत वाचलं. ती म्हणाली, “पुना वाच.”

“कुठलं?”

“डाक्टरचं.”

ते परत वाचलं. तिने विचारलं, “तवा सांगितलं असतं तं वाचला असता?”

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, “माहीत नाही, कमळ. कदाचित वाचला असता.”

तिने सूप बाजूला ठेवलं. रडली नाही, ओरडली नाही. मला वाटत होतं ओरडावं. पदराला लागलेला कोंडा झटकला आणि म्हणाली, “ताय, तुला कदी कळलं ह्ये?”

“सप्टेंबरात.”

“नि रोज माज्या पोरीचा हात धरीत व्हतीस.”

मी खाली मान घातली. पुढे ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिते, कारण निरोप तुझ्यासाठी आहे. “कागूद नको मला. त्याला म्हनावं, कोरटात माज्यासमोर उबा ऱ्हा नि हेच तोंडानी बोल. माज्याकडं बगून बोल.” पत्र तिने परत माझ्या हातात दिलं.

तुझी पुढची तारीख १२ जानेवारी, हे तुझ्या नव्या वकीलबाईंनी सांगितलं. कमळ येणार आहे. पहाटेच्या गाडीने मीच तिला घेऊन येते, एकटीला तिला कोर्ट सापडणार नाही. वाटेत ती माझ्याशी बोलेल असं वाटत नाही. आईही येते म्हणाली, पण ती तुझ्यासाठी येणार, आमच्यापासून लांब बसणार.

मी कमळच्या शेजारी बसणार आहे. मला तिथे बघून तुला वाईट वाटेल, म्हणून आधीच कळवते. तू माझ्याकडे बघू नकोस. तिच्याकडे बघून बोल.

तुझी,
ताई